घर नावाचा कारखाना : सोलापूरच्या विडी कामगार महिलांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या आसपास असो किंवा नीलम नगरात, दुपारी कोणत्याही बोळातून गेले तरी उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतात. त्यांच्याशी, त्यांच्या मुलामुलींशी आणि त्यांच्या घरातल्या पुरुषांशी गेल्या काही वर्षांत ज्या बैठका झाल्या, त्यांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आले ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे लिहिणाऱ्याची बाजू ठरलेली आहे आणि ती डावी आहे, हे सुरुवातीलाच सांगणे बरे. माझी आई बावीस वर्षे विड्या वळत होती.

विड्या वळणे ही फावल्या वेळची कमाई आहे. तिला ‘काम’ का म्हणायचे?

शाळेत दरवर्षी एक फॉर्म भरून द्यावा लागे. त्यात वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘यंत्रमाग कामगार’ लिहीत असे आणि आईच्या नावापुढे ‘गृहिणी’. मी हा फॉर्म भरत असताना ती समोरच बसून विड्या वळत असे आणि तिलाही त्यात काही चुकीचे वाटत नसे. या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. कारखान्याच्या फाटकातून आत गेलेला माणूस कामगार ठरतो आणि फाटक नसेल तर तेच श्रम घरकामात विरघळून जातात.

पण फाटक नसण्याचा फायदा कोणाला होतो हे पाहिले पाहिजे. जागेचे भाडे, दिव्याचे आणि पंख्याचे बिल, पाने भिजवायला लागणारे पाणी, सूप, कात्री, बसायची चटई, हे सगळे कामगाराच्या घरचे असते. कारखान्यात शंभर बायका बसवायच्या तर छप्पर, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर यांची सोय मालकाला करावी लागते. हा सगळा खर्च त्याने बाईच्या दहा बाय दहाच्या खोलीवर ढकलला आणि वर तिलाच ऐकवले की घरबसल्या चार पैसे मिळतात. ‘फावला वेळ’ हा शब्द त्या बचतीवर घातलेले पांघरूण आहे. ज्या घरात विडीच्या मजुरीवर किराणा येतो आणि मुलांची फी भरली जाते, त्या घरात तो वेळ फावला नसतो.

हजार विड्या म्हणजे नेमके किती काम?

मजुरीचा दर हजारी ठरलेला असतो, म्हणून हा प्रश्न मोलाचा आहे.

रात्री तेंदूची पाने भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचे छोटे माप पानावर ठेवून, शिरा टाळून, कात्रीने एकेक तुकडा कापायचा. मग सूप मांडीवर घ्यायचे. डाव्या हातात पान, उजव्या हाताच्या चिमटीत तंबाखू, तो पानावर सारखा पसरायचा, दोन्ही हातांच्या बोटांनी पान वळायचे, दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि नखाने तोंड दुमडून बंद करायचे. नख झिजते म्हणून काही बायका पत्र्याची बारीक पट्टी वापरतात. आईच्या अंगठ्याच्या नखाची एक कड कायमची सपाट झाली होती आणि काम सोडल्यावरही ती पुन्हा नीट वाढली नाही.

आता हिशेब करू. आठ तासांत हजार विड्या वळायच्या असतील तर एका विडीला २९ सेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळतो. त्यात पाने भिजवणे, कापणे, बंडले बांधणे, ब्रँचपर्यंत, म्हणजे पाने-तंबाखू देऊन वळलेल्या विड्या घेणाऱ्या केंद्रापर्यंत, चालत जाणे आणि तिथे रांगेत उभे राहणे धरलेले नाही. म्हणजे ‘दिवसाला हजार’ हा दर एका दिवसाचा मानला जातो तेव्हा तो दिवस आठ तासांचा असणे जवळजवळ अशक्य असते, आणि सराईत हातांनाही दहा तास सहज लागतात. उरलेले तास कोण भरून काढते? संध्याकाळी शाळेतून आलेली मुलगी पाने कापते, सासू दोरा गुंडाळते. हजेरीवर नाव एकीचे असते, श्रम तिघींचे असतात आणि मजुरी एकीची मिळते.

शिवाय ब्रँचवर मिळणारी पाने वजनावर दिली जातात. पाने फाटकी किंवा किडकी निघाली तर त्यांतून हजार विड्या होत नाहीत आणि कमी पडलेली पाने बाईला स्वतःच्या पैशाने विकत घ्यावी लागतात. कच्च्या मालातली खोट कामगाराने भरून द्यायची, असा व्यवहार कोणत्या संघटित कारखान्यात चालला असता?

‘छाट’ किती काढता येते? काढलेल्या विड्यांचे पैसे मिळतात का?

ब्रँचवर विड्या तपासून त्यांतल्या ‘वाईट’ म्हणून बाजूला काढतात, तिला छाट म्हणतात. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याखाली महाराष्ट्रात जे नियम झाले त्यांत मर्यादा स्पष्ट होती: साधारणपणे शंभरात पाचपेक्षा जास्त विड्या छाटता येत नाहीत, आणि कामगाराने मुद्दाम हयगय केलेली नसेल तर छाटलेल्या विड्यांचीही निम्म्या दराने मजुरी द्यावी लागते. हा नियम ज्यांच्यासाठी केला होता त्यांतल्या फार थोड्या बायकांना तो कधी कोणी वाचून दाखवला.

प्रत्यक्षात काय होत असे ते मी लहानपणी पाहिले आहे. आई मला सोबत नेत असे. तपासणारा एक बंडल उचले, अंगठ्याने दाबून पाही आणि काही न बोलता डावीकडे टाके. पुढे काय होते हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होते. डावीकडच्या विड्यांची मजुरी नाही आणि त्या परतही मिळत नाहीत. एकदा आईने फक्त एवढे विचारले की यात काय खराब आहे. त्या दिवशी तिची जवळजवळ दोनशे विड्यांची छाट निघाली. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि त्यानंतर तिने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. हजारात दोनशे म्हणजे शंभरात वीस, म्हणजेच नियमाच्या चौपट, हे मला फार उशिरा कळले.

सत्ता म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मंत्रालय येते, पोलीस येतात. तपासणाऱ्याचा तो अंगठाही सत्ताच आहे. तो कारण देत नाही, लेखी काही ठेवत नाही, आणि आज विचारले तर उद्या पाने कमी मिळतील ही भीती तो न बोलता पेरतो. छाटलेल्या विड्या मोजून त्यांची नोंद कार्डावर करा ही मागणी दिसायला किरकोळ वाटते, पण माझ्या मते दरवाढीइतकीच ती मोलाची आहे, कारण नोंद झाली की अंगठ्याला हिशेब द्यावा लागतो.

मी मालकाला कधी पाहिलेच नाही. मग माझा मालक कोण?

ज्याच्या छापाखाली विडी विकली जाते तो. मधे ठेकेदार असला, ब्रँच दुसऱ्याच्या नावावर असली, ‘आम्ही तुमच्याकडून तयार माल विकत घेतो’ अशी कागदी मांडणी केली, तरी हेच उत्तर राहते. १९६६ च्या कायद्याने घरी काम करणाऱ्यांना कामगार मानले. विडी उत्पादकांनी या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि १९७४ मध्ये मंगलोर गणेश विडी वर्क्सच्या खटल्यात न्यायालयाने तो कायदा कायम ठेवला. पुढे भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा वाद आला. घरी काम करणाऱ्या बायकांवर आमची देखरेख नसते, त्या कधी बसतात आणि कधी उठतात हे आम्हाला माहीत नसते, म्हणून त्या आमच्या कामगार नाहीत, असे उत्पादकांचे म्हणणे होते. १९८५ मध्ये पी. एम. पटेल आणि सन्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. माल तपासून नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे त्याचेच कामावर नियंत्रण आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

या युक्तिवादाकडे नीट पाहावे. ज्या छाटीने बाईला रोज गप्प केले, तीच छाट ती कामगार असल्याचा पुरावा ठरली. बैठकीत हे सांगितले की बायका क्षणभर थांबतात आणि मग एकमेकींकडे पाहतात.

बायका स्वतःच्या मर्जीने कमी दरात काम घेतात. मग याला शोषण कसे म्हणता येईल?

उपाशी माणसाच्या होकाराला मर्जी म्हणायचे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम हे राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने मनाई केलेल्या सक्तीच्या श्रमात मोडते. दुसरा पर्याय नसणे, गरिबी असणे, हीदेखील सक्तीच आहे. राजस्थानातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांबाबत १९८३ मध्ये हेच तत्त्व पुन्हा मांडले गेले.

विडीकाम १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत पहिल्यापासून होते. म्हणून सरकारने जाहीर केलेल्या दरापेक्षा कमी दर ‘आपसात ठरला’ असे कोणी सांगत असेल, तर असे ठरवण्याचा अधिकार कायद्याने दोघांनाही दिलेला नाही.

किमान वेतन ठरवताना बाईचा विचार होतो का?

होतो, पण तो कसा होतो हे समजून घेतल्यावर राग येतो. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष ठरवले आणि डाव्या कामगार संघटना आजही त्यांचा आधार घेतात. तो आधार योग्यच आहे, कारण अन्न, कापड, घरभाडे, इंधन यांचा वेतनाशी संबंध तिथे प्रथमच स्पष्टपणे जोडला गेला. पण त्या सूत्रात कुटुंब म्हणजे तीन ‘उपभोग एकके’: पुरुष एक, बायको ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. पुरुष कमावणार आणि बाकीचे त्याच्यावर अवलंबून, असे गृहीत धरून बाईची कमाई हिशेबातूनच वगळली होती.

यंत्रमागावर मंदी आली की पुरुषांचे काम आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर येते आणि तेव्हा पूर्व भागातली चूल विडीवर पेटते. त्या चुलीपुढे बसलेल्या बाईला सूत्राने ०.८ तोंड मानले आणि तिच्या हातांची गणतीच केली नाही. आपल्याच चळवळीने जपलेल्या निकषातली ही त्रुटी आपणच बोलून दाखवली पाहिजे, असे मला वाटते.

पाणी कधी येते याचा कामगार प्रश्नाशी काय संबंध?

सोलापूरकरांना हे समजावून सांगावे लागू नये. उजनी भरलेली असली तरी वर्षानुवर्षे शहराच्या नळाला तीन, चार, कधी पाच दिवसांनी पाणी येते, आणि येण्याची वेळ पहाटेची असेल की मध्यरात्रीची हे सांगता येत नाही. पाण्याच्या दिवशी घरातली बाई कुठेही जाऊ शकत नाही. पिंप, हंडे, बादल्या, रिकाम्या डब्यांपर्यंत सगळे भरून घ्यायचे, गच्चीवरच्या टाकीला मोटार लावायची, धुणे त्याच दिवशी उरकायचे. या खटाटोपात कमीत कमी दोन तास जातात, आणि आधी काढलेल्या वेगाने दोन तास म्हणजे २५० विड्या, दिवसाच्या मजुरीचा चौथा हिस्सा.

महापालिका पाणीपट्टी रुपयांत घेते. हा चौथा हिस्सा कोणत्याही पावतीवर येत नाही, पण तो भरला जातो आणि जवळजवळ नेहमी बाईच तो भरते. ज्यांच्या बंगल्यात बोअर आहे किंवा टँकर बोलावण्याची ऐपत आहे त्यांच्यासाठी पाण्याचा दिवस हा इतर दिवसांसारखाच असतो. म्हणून पाण्याच्या वेळापत्रकासाठी निघालेला घागर मोर्चा हा मजुरीचाही मोर्चा असतो.

आमचे हे मागावर बारा बारा तास उभे असतात. तुम्ही आम्हाला त्यांच्याशी भांडायला सांगता का?

हा प्रश्न ज्या अक्कांनी पहिल्यांदा विचारला त्यांच्या आवाजात खरी काळजी होती, आणि ती रास्त आहे. यंत्रमागाच्या खडखडाटात बारा तासांची पाळी करून आलेला माणूस घरी येतो तेव्हा त्याला मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू येत नाही. तो शत्रू नाही. १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खाते सांभाळत असताना, कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीला इतकी वर्षे उलटूनही सोलापूरच्या मागावर बारा तासांची पाळी चालते, हे त्या माणसाच्या हक्काचे उल्लंघन आहे.

तरीही दुसरी बाजू झाकून ठेवता येत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर ते करणारे पुरुष ८८ मिनिटे. विडीचे आठच तास धरले आणि त्यांत ही २८९ मिनिटे मिळवली तर जवळपास पावणेतेरा तास होतात. म्हणजे तीही बारा तासांच्या पाळीवरच आहे, पण तिच्या पाळीचा भोंगा वाजत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. घरी विड्या वळणाऱ्या बाईचा रविवार कपडे धुण्यात आणि पुढच्या आठवड्याची पाने निवडण्यात जातो.

भांडण घरात करायचे की नाही हे प्रत्येकीने ठरवावे. मात्र आठ तासांच्या दिवसाची मागणी करणाऱ्या पुरुष कार्यकर्त्याने स्वतःच्या घरी किती तासांचा दिवस चालतो हे विचारले नाही, तर ती मागणी अर्धीच राहते.

हा प्रश्न वर्गाचा आहे की जातीचा?

विडीकामात पद्मशाली समाजातल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. तेलंगणातून विणकर कुटुंबे सोलापुरात आली तशी ती परंपरा येथे रुजली. त्यांच्या शेजारी मुस्लिम, दलित आणि इतर समाजांतल्या बायकाही तेच काम करतात. तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी अशा चार भाषांत छाटीला शिव्या बसतात, पण बैठकीला मात्र गल्लीप्रमाणे आणि समाजाप्रमाणे वेगवेगळे बसण्याची सवय जात नाही.

१९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले होते. त्यांतल्या एकाशीच लढण्याची चूक आमच्या परंपरेने अनेकदा केली. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यातून विटाळाची भीती होती. पगार जास्त असलेले खाते त्यामुळे त्यांना बंद राहिले. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मागण्यांत घ्यायला लावला, तोवर लाल बावट्याने, म्हणजे कम्युनिस्ट कामगार संघटनेने, तो स्वतःहून घेतला नव्हता. ही आठवण डाव्या माणसाने इतर कोणापेक्षा जास्त ठेवली पाहिजे. कापडाच्या शहरात तर नक्कीच.

विडी आरोग्याला घातक आहे. तो धंदाच बंद व्हावा असे तुम्ही का म्हणत नाही?

विडी घातक आहे, यात शंका नाही. ओढणाऱ्याइतकीच ती वळणाऱ्यालाही त्रास देते: तंबाखूच्या धुळीने खोकला, सतत मान खाली असल्याने पाठ आणि खांदे, मंद उजेडामुळे डोळे. तंबाखूची पिशवी, पाण्याचे पिंप आणि तान्हे मूल एकाच खोलीत असतात.

पण बंदीचा खर्च कोणी भरायचा हे आधी ठरले पाहिजे. विडीचे पाकीट महाग करताना, त्यावर ८५ टक्के जागेत इशारा छापताना, वळणाऱ्या बाईला पर्यायी काम, प्रशिक्षणाच्या काळातला निर्वाहभत्ता आणि तिच्या नावावर साठलेला पीएफ वेळेवर मिळेल याची हमी दिली का? ती दिल्याशिवाय केलेली बंदी म्हणजे आरोग्याच्या नावाने केलेली टाळेबंदी होय. सोलापूरने टाळेबंदी पाहिली आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली, ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी कापड गिरणी बंद पडली, पाठोपाठ इतर मोठ्या गिरण्या थंडावल्या, तेव्हा गिरणी कामगारांच्या घरात काय झाले हे जुन्या पेठांमध्ये अजून सांगितले जाते.

लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये मिळतात. मजुरीचा प्रश्न आता मागे पडला का?

२०२४ च्या जुलैपासून महिना १,५०० रुपये मिळू लागले आणि अनेक बायकांच्या हातात पहिल्यांदाच नवऱ्याला न विचारता खर्च करता येतील असे पैसे आले. ही गोष्ट लहान नाही आणि जे कार्यकर्ते तिची हेटाळणी करतात त्यांच्याशी मी सहमत नाही. फरक इतकाच की ही रक्कम देणाऱ्याच्या मर्जीवर आणि निकषांवर अवलंबून आहे, निकष बदलले की यादीतून नाव जाते. मजुरी हा हक्क आहे, ती बाईने दिलेल्या श्रमांची किंमत आहे. भाऊबीज घेऊन मजुरी सोडून द्यायची नसते.

घरांच्या वसाहती झाल्या. मग अन्याय कुठे उरला?

सोलापूरजवळच्या कुंभारीत कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये घरे ताब्यात दिली गेली. पुढे त्याच परिसरात रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि तिच्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचे वाटप जानेवारी २०२४ मध्ये झाले. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली लाल बावट्याच्या कामगारांनी वर्षानुवर्षे काढलेले मोर्चे, दिलेली धरणी आणि जमवलेला स्वतःचा हिस्सा यांतून हे घडले. घर बाईच्या नावावर असणे हा तर सोलापूरच्या रोजच्या जगण्यातला मोठा बदल आहे, कारण ‘माझ्या घरातून चालती हो’ हे वाक्य तिला आता कोणी म्हणू शकत नाही.

उरलेला प्रश्न अंतराचा आहे. शहराबाहेर राहायला गेल्यावर मुलांची शाळा, दवाखाना आणि रोजंदारीचे काम यांसाठी बस आणि रिक्षाचे भाडे वाढते. शहराच्या मध्यातली जमीन कोणाला आणि कडेची जमीन कोणाला, हेही सत्तेनेच ठरते.

नव्या श्रम संहितांनी काय बदलले?

१९६६ चा विडी कामगार कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विलीन झाला आणि जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. छाटीची मर्यादा मूळ कायद्यात नसून राज्याच्या नियमांत होती, हे इथे लक्षात ठेवावे. म्हणून राज्याच्या नव्या नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आणि निम्म्या मजुरीची तरतूद शब्दशः राहिली पाहिजे, ही मागणी लेखी स्वरूपात कामगार आयुक्तालयाकडे गेली पाहिजे.

याआधीचा धडाही विसरण्यासारखा नाही. १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसवून कल्याण निधी उभा केला होता, त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरांना मदत मिळे. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर रद्द झाला. निधीचा स्वतःचा झरा आटला, आता जे मिळते ते अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर. फारसा गाजावाजा न होता हे घडले.

माझ्या मते विडीसाठी १९६९ च्या माथाडी (हमाल) कायद्यासारखे मालक, कामगार आणि सरकार यांचे त्रिपक्षीय मंडळ हवे, म्हणजे कामगाराची नोंद मालकाच्या नव्हे तर मंडळाच्या वहीत राहील. हमालांच्या बाबतीत महाराष्ट्राने हे करून दाखवले आहे.

निवृत्तीनंतर किती पेन्शन मिळते?

पीएफशी जोडलेल्या १९९५ च्या योजनेत किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. २०१४ मध्ये ठरलेला हा आकडा किती अपुरा आहे ते औषधांच्या एका बिलात कळते.

मी आजपासून काय करू शकते?

कार्डावर रोज किती विड्या दिल्या आणि किती छाटल्या हे स्वतःच्या हाताने, तारखेसह, एका वेगळ्या वहीतही लिहावे. लिहिता येत नसेल तर मुलांकडून लिहून घ्यावे. महिनाभराची अशी दहा घरांची वही एकत्र केली की ती तक्रारीला पुरावा म्हणून उभी राहते, एकटीची वही मात्र सहज बाजूला सारली जाते.

पीएफच्या नोंदीत नाव, जन्मतारीख आणि आधारवरचे नाव अक्षर न अक्षर जुळते का हे आजच पाहावे. माझ्या आईच्या नोंदीत आडनावातले एक अक्षर चुकले होते. तेवढ्यासाठी तिचे पैसे चौदा महिने अडकले आणि खिडकीवरचा माणूस प्रत्येक वेळी पुढच्या सोमवारी यायला सांगत राहिला. तेलुगू आडनावे मराठीत आणि इंग्रजीत लिहिताना ही चूक फार होते, म्हणून बँकेचे पासबुक, आधार आणि पीएफची नोंद शेजारी शेजारी ठेवून वाचावी.

आणि ब्रँचवर एकटीने जाऊ नये. छाटीबद्दल विचारायचे असेल तर चार जणींनी एकाच वेळी, एकाच रांगेत उभे राहून विचारावे, कारण चौघींची पाने एकदम कमी करणे अवघड असते.